जुना पिंजरा, नवे नियम

नियम बदलला की तो बहुधा पुढच्या व्यवहारांना लागू होतो, मागच्यांना नाही. ज्या दिवशी कर्ज मंजूर झाले, त्या दिवशी जे निकष होते त्यांवरच त्या कर्जाची कागदपत्रे तपासली जातात. दहा वर्षांनी निकष कडक झाले म्हणून जुने गहाणखत बेकायदा ठरत नाही. व्यवहाराच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे, कारण एरवी कोणालाच कशाची शाश्वती उरणार नाही. परंतु कागद वैध असणे आणि जोखीम कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर किंवा आग गहाणखतावरची तारीख वाचून येत नाही.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे कोल्हापूरच्या एका वाचकबंधूंचे पत्र. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतात. दोघा मित्रांसह त्यांनी भागीदारीत एक जुनी फोर्ड एस्कॉर्ट मोटार घेतली असून जुन्या गाड्यांच्या रॅलींमध्ये ती उतरवण्याचा त्यांचा मानस आहे. गाडीत लोखंडी नळ्यांचा सुरक्षा पिंजरा आहे, त्याचे कागदही आहेत, आणि तपासणीत गाडी अडत नाही. तरीही चिरंजीव म्हणतात की, पिंजरा उतरवून नव्या नियमांप्रमाणे बांधायचा आहे आणि त्यासाठी बरीच रक्कम लागेल. वडिलांचा प्रश्न सरळ आहे : हा खर्च गरजेचा की हौसेचा? प्रश्न मोटारीचा दिसला तरी मुळात तो जोखमीच्या हिशोबाचा आहे. म्हणून नियमावली वाचून या सदरात त्याचे उत्तर देत आहे.

प्रथम रॅली म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. गोल धावपट्टीवरील शर्यतीत गाड्या एकमेकींशी झुंजतात. रॅलीत प्रत्येक गाडी जंगलातल्या वा डोंगरातल्या बंद केलेल्या रस्त्यावरून एकेकटी सुटते आणि घड्याळाशी झुंजते. गाडीत दोघे असतात. एक चालक, आणि दुसरा शेजारी वही उघडून पुढचे वळण सांगणारा सहचालक. रस्त्याच्या कडेला मऊ अडथळे नसतात. झाडे, दगड आणि दऱ्या असतात. एस्कॉर्ट ही या खेळातील नामवंत गाडी. १९७२ ते १९७९ अशी सलग आठ वर्षे ब्रिटनची आरएसी रॅली एस्कॉर्टनेच जिंकली, आणि १९८१ मध्ये आरी वातानेन जागतिक विजेता ठरला तोही एस्कॉर्ट चालवून. जुन्या गाड्यांच्या ब्रिटिश रॅलींमध्ये ही गाडी आजही मोठ्या संख्येने दिसते. म्हणजे पन्नाशीला टेकलेला पत्रा आजही तेवढ्याच वेगाने जंगलातून धावतो आहे.

हा वेग किती असतो, हे आकड्यांत मांडले की डोळ्यांसमोर येते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी जागच्या जागी थांबली, तर तिचा आघात सुमारे ३९ मीटर उंचीवरून, म्हणजे तेराव्या मजल्यावरून, खाली पडल्याइतका असतो. एवढा भार साध्या मोटारीच्या छपराला आणि दारांना पेलत नाही. म्हणून आत नळ्यांचा सांगाडा उभा करतात. दोघांच्या आसनांमागे एक मुख्य कमान, पुढच्या काचेच्या खांबांलगत दुसरी कमान, दोहोंना जोडणाऱ्या छपरालगतच्या नळ्या आणि मुख्य कमानीला मागून आधार देणारे दोन टेके, एवढा त्याचा गाभा. गाडी उलटली तर छप्पर खाली येऊ नये आणि बाजूने काही घुसले तर आतल्या माणसांभोवती जागा शिल्लक राहावी, हेच त्याचे काम.

आता नियमांकडे वळू. जागतिक मोटार महासंघ, म्हणजे एफआयए, आपल्या नियमावलीच्या ‘अपेंडिक्स जे’मधील २५३ व्या कलमात पिंजऱ्याची मापे देते. त्यातील बहुतेक वाढीव अटींना एक तारीख जोडलेली आहे आणि ती तारीख गाडीच्या होमोलोगेशनची, म्हणजे त्या नमुन्याला स्पर्धेसाठी अधिकृत मान्यता मिळाल्याची, असते. १ जानेवारी २००२ पूर्वी मान्यता मिळालेल्या गाडीच्या मुख्य कमानीत एक कर्णनळी पुरते. त्यानंतरच्या गाडीत एकमेकींना छेदणाऱ्या दोन लागतात. छपराची बळकटी सक्तीची आहे ती २००५ पासूनच्या गाड्यांना. पुढच्या काचेच्या खांबाची जादा नळी, ठरावीक मापापेक्षा तेथे वाक अधिक असेल तर, २००६ पासूनच्या गाड्यांना. दाराच्या जागी नुसती एक आडवी नळी चालणार नाही, फुलीसारखी वा तत्सम अधिक भक्कम रचना हवी, ही अट २००७ पासूनच्या गाड्यांना.

सत्तरच्या दशकातील एस्कॉर्ट या साऱ्या तारखांच्या अलीकडेच राहते. एक कर्णनळी, दारात एक आडवी नळी, छपरात काही नाही, असा पिंजरा या कलमापुरता तिला चालून जातो. चिरंजीवांच्या गाडीचे कागद बरोबर असण्याचे कारण हेच. झाडाला मात्र गाडी १९७५ ची की २०१५ ची याच्याशी कर्तव्य नसते.

दाराच्या नळीचे महत्त्व पटावे म्हणून एक दुःखद प्रसंग सांगणे भाग आहे. १८ सप्टेंबर २००५ रोजी वेल्स रॅलीत मार्को मार्टिनची पजो गाडी मार्गम येथील टप्प्यात रस्त्याबाहेर जाऊन झाडावर आदळली. आघात सहचालकाच्या बाजूला झाला आणि मायकेल पार्क जागीच गेला, चालक बचावला. जागतिक अजिंक्यपद रॅलीत १९९३ नंतर स्पर्धकाचा झालेला तो पहिला मृत्यू होता. गाडी त्या काळातील सर्वांत प्रगत गाड्यांपैकी एक होती, तरीही दार आणि माणूस यांच्यात अंतर फार थोडे असते. छप्पर आणि आसन यांच्यात थोडी तरी जागा असते. बाजूला तीही नसते. सुकाणू चालकाच्या हाती असते आणि सहचालक विश्वासाने शेजारी बसलेला असतो, हेही वडीलधाऱ्यांनी लक्षात ठेवावे. भागीदारीतल्या गाडीचा पिंजरा हा केवळ आपल्या मुलाचा प्रश्न नसतो.

आता मापांचा हिशोब. आजच्या नियमाप्रमाणे मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यास व अडीच मिलिमीटर जाडी, किंवा ५० मिलिमीटर व्यास व दोन मिलिमीटर जाडी, यापेक्षा कमी असता कामा नये. इतर नळ्यांना ३८ बाय अडीच किंवा ४० बाय दोन चालते. जुन्या पिंजऱ्यांत मुख्य कमानही ३८ मिलिमीटरचीच आढळणे नवलाचे नाही. सात मिलिमीटरने काय बिघडते, असे कोणी विचारील. हिशोब करून पाहिला तर ३८ च्या जागी ४५ ची नळी घेतल्याने दर मीटरचे वजन सुमारे २० टक्के वाढते, पण वाकण्याविरुद्धचा ताठरपणा सुमारे ७१ टक्के वाढतो. ५० बाय दोनची नळी घेतली तर वजन जेमतेम आठ टक्के वाढते आणि ताठरपणा जवळजवळ दुप्पट होतो. नळीचे बळ तिच्या परिघात असते, त्यामुळे व्यास थोडा वाढला तरी लाभ मोठा होतो. गुंतवणूक म्हणून पाहिले तर एवढा परतावा क्वचितच मिळतो.

पोलादाच्या व्यापारातील वाचकांना पुढचा मुद्दा चटकन उमगेल. नियमाला हवी असते ती थंड ओढकामाने बनवलेली, बिनजोड म्हणजे सीमलेस, साध्या कार्बन पोलादाची नळी. तिची ताणशक्ती प्रत्येक चौरस मिलिमीटरला किमान ३५० न्यूटन असावी आणि कार्बनचे प्रमाण ०.३ टक्क्यांवर जाऊ नये. शिवण असलेली ईआरडब्ल्यू नळी रंग दिल्यावर तशीच दिसते, पण ती चालत नाही. निवडलेले पोलाद पुरेसे ताणले जाणारे आणि नीट वेल्डिंग होणारे असावे, याकडेही नियम लक्ष वेधतो. पिंजऱ्याने आघातात थोडे वाकून ऊर्जा पचवायची असते. काचेसारखे तडकणारे कठीण पोलाद तेथे निरुपयोगी. सत्तरच्या दशकात काही गाड्यांत वजन वाचवण्यासाठी ॲल्युमिनियमचे पिंजरे बसवले जात. अशा पिंजऱ्याला नळ्या जोडून तो आजच्या मापात बसवता येत नाही. तो उतरवावाच लागतो.

याहून दुर्लक्षित बाब म्हणजे पाया. नळी कितीही उत्तम असली तरी ती ज्या पत्र्यावर उभी आहे तो पत्रा गंजलेला असेल, तर धडकेत पिंजरा शाबूत राहून फरशी फोडून खाली जातो. म्हणून कमानीच्या प्रत्येक पायाखाली गाडीच्या सांगाड्याला किमान तीन मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी असावी लागते. मागच्या टेक्यांना ६० चौरस सेंटिमीटर चालते. पाया बोल्टने बसवलेला असेल तर कमानीच्या प्रत्येक पायाला किमान तीन बोल्ट हवेत, आणि तेही आठ मिलिमीटरचे, ८.८ प्रतीचे. जुन्या एस्कॉर्टचा पत्रा दाराखालच्या उंबरठ्यात आणि पायाजवळच्या फरशीत आतून गंजतो आणि वरून रंग मात्र नवाकोरा दिसतो. म्हणून पहिला खर्च पिंजऱ्यावर न होता रंग खरवडून पत्रा पाहण्यावर व्हावा. नळीची उरलेली जाडी ध्वनिलहरींच्या यंत्राने नळी न कापता मोजता येते. अडीच मिलिमीटरपैकी अर्धा मिलिमीटर गंजाने खाल्ला असेल, तर ४५ च्या नळीचा ताठरपणा सुमारे १७ टक्क्यांनी घटलेला असतो.

आता या विषयाचा सर्वांत नाजूक भाग. अनेकांना वाटते, जुना पिंजरा आहेच, त्यात आणखी एक कर्णनळी आणि दारात एक फुली वेल्ड केली की काम झाले. नियम काय म्हणतो? ज्या पिंजऱ्याला अधिकृत मान्यता वा प्रमाणपत्र आहे, त्यात कोणताही फेरफार करता येत नाही. यंत्रकाम असो वा वेल्डिंग, धातूत किंवा रचनेत कायमचा बदल घडवणारी प्रत्येक क्रिया फेरफार समजली जाते. अपघातानंतरची दुरुस्तीही मूळ निर्मात्याने किंवा त्याच्या संमतीने करायची. बँकेत काम केलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या ८७ व्या कलमानुसार धनादेशात वा हुंडीत महत्त्वाचा फेरफार केला, तर संमती न दिलेल्या पक्षाविरुद्ध तो दस्तऐवज निरर्थक होतो. फेरफार चांगल्या हेतूने केला होता, हा बचाव तेथे पुरत नाही. पिंजऱ्याचेही तसेच. मान्यतेपूर्वी त्या रचनेची भारचाचणी झालेली असते. गाडीच्या वजनात १५० किलो मिळवून त्याच्या साडेसातपट भार मुख्य कमानीवर देतात आणि ती ५० मिलिमीटरपेक्षा अधिक दबता कामा नये. ११०० किलोच्या गाडीसाठी हा भार साडेनऊ टनांच्या घरात जातो. चाचणी त्या रचनेची झालेली असते. तुम्ही जोडलेल्या नळीसह तयार झालेल्या नव्या रचनेची नव्हे.

म्हणून अर्धवट मार्ग सर्वांत वाईट. जुन्या थकीत खात्यावर नवे कर्ज देऊन ते खाते नियमित दाखवण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचा शेवटही ठाऊक आहे. प्रमाणपत्र असलेला पिंजरा एक तर जसा आहे तसा, त्याच्या मर्यादा ओळखून वापरावा; नाही तर पूर्ण उतरवून आजच्या मापांनी नवा बांधावा. पिंजरा प्रमाणित नसून २५३ व्या कलमातील मापांनुसार कोणा कारागिराने बांधलेला असेल, तर भर घालण्यास वाव आहे. मात्र नळी, पाया आणि मूळचे सांधे निर्दोष ठरल्यावरच. मूळ कमानच अपुऱ्या व्यासाची असेल, तर तिला फुल्या जोडून उपयोग नाही. शिवाय जुन्या गाड्यांच्या स्पर्धांना महासंघाचे ‘अपेंडिक्स के’ लागू होते, ज्यात गाडी तिच्या काळाशी प्रामाणिक असावी ही अपेक्षा असते. तेव्हा करवत हाती घेण्यापूर्वी दोन्ही प्रकरणे आणि त्या देशाच्या मोटार संघटनेचे नियम वाचून, तपासनिसाचे मत लेखी घ्यावे.

नवा पिंजरा बांधताना कारागिराला विचारावयाचे प्रश्न ठरलेले आहेत. मुख्य कमान एकसंध नळीची आहे का? वाक थंड अवस्थेत, नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट त्रिज्येने दिला आहे का? वाकाच्या जागी नळी चपटी झालेली नाही ना? मागचे टेके सरळ आहेत का आणि उभ्या रेषेशी किमान ३० अंशांचा कोन करतात का? फुल्यांच्या छेदांवर गसेट पट्ट्या आहेत का? आणि सर्वांत महत्त्वाचे : प्रत्येक सांधा पूर्ण परिघावर, पूर्ण खोलीपर्यंत वेल्ड झाला आहे का? छपराला चिकटलेल्या सांध्याची वरची बाजू सहजी दिसत नाही आणि आळशी कारागीर नेमकी तीच सोडतो. चांगला कारागीर पायाजवळची फरशी कापून पिंजरा तात्पुरता खाली उतरवतो, वरचे सांधे भरतो आणि मग पिंजरा उचलून पाया बंद करतो. हे काम सुरू असताना काढलेली छायाचित्रे मागून घ्यावीत. रंग लागल्यावर पुरावा उरत नाही.

पिंजरा बांधून झाल्यावर दोन गोष्टी विसरू नयेत. एक, आसन आणि पट्टे. खांद्यावरचे पट्टे आसनाच्या वरच्या कडेपासून मागे जाताना क्षितिजाच्या रेषेशी ४५ अंशांहून अधिक खाली उतरता कामा नयेत, आणि १० अंशांच्या आत राहिले तर उत्तम. पट्टे सरळ खाली फरशीला बांधले, तर धडकेत ते मणक्यालाच खाली दाबतात. त्यासाठी मुख्य कमानीच्या रुंदीत आडवी नळी लागते, जी जुन्या पिंजऱ्यात बहुधा नसते. दोन, मान्यताप्राप्त कठीण फेसाचे आवरण. शिरस्त्राण जेथे लागू शकते तेथील प्रत्येक नळीवर ते हवे. आणि शिरस्त्राणाशिवाय पिंजऱ्याच्या गाडीत बसून घरच्या मंडळींना फिरवून आणणे, हा हौसेचा प्रकार टाळावाच. उघड्या डोक्याला ती नळी साध्या अपघातातही घातक ठरते.

पिंजऱ्यालाही मर्यादा आहेत. फेब्रुवारी २०११ मध्ये इटलीतील एका रॅलीत फॉर्म्युला वनचा चालक रॉबर्ट कुबित्सा याच्या स्कोडा गाडीत कडेचा लोखंडी कठडा पुढून आरपार घुसला आणि त्याचा हात गंभीर जायबंदी झाला. गाडी आधुनिक होती, पिंजरा शाबूत होता. नियम किमान सांगतात. अभय देत नाहीत.

आपल्याकडे एफएमएससीआय ही राष्ट्रीय संघटना या खेळाचे नियमन करते, नाशिकच्या परिसरात राष्ट्रीय दर्जाच्या रॅली झालेल्या आहेत, आणि जुन्या जिप्सी वा एस्टीम गाड्या हौसेने बांधणारे तरुण आपल्या गावांतही भेटतात. नळीचा गुणधर्म आणि वेल्डिंगचा कस कोल्हापुरात वेगळा नि कॉव्हेंट्रीत वेगळा नसतो. पाइपचा व्यापार करणाऱ्यांकडे असा तरुण ‘पिंजऱ्यासाठी’ नळी मागायला आला, तर बिलावर सीमलेस लिहून ईआरडब्ल्यू देऊ नये. त्या बिलावर कोणाचा तरी जीव तोललेला असतो.

पत्रलेखक बंधूंना उत्तर असे. कागद वैध आहे आणि कायद्याने खर्चाची सक्ती नाही. परंतु चिरंजीव मागतात ते योग्य आहे. अट एवढीच की अर्धे काम करू नये. आधी पत्रा आणि नळी मोजून घ्यावी, तपासनिसाचे लेखी मत घ्यावे, मग पिंजरा पायापासून बांधावा, आणि तोवर गाडी स्पर्धेत उतरवू नये. खर्च तिन्ही भागीदारांत वाटला जाईल. पैसे कमी पडले तर इंजिनाची ताकद वाढवण्याचे काम पुढच्या वर्षावर ढकलावे, पिंजऱ्याचे ढकलू नये. आणि रक्कम देताना एक अट अवश्य घालावी : शेजारच्या आसनावर जो बसणार आहे, त्याला हा लेख वाचून दाखवावा आणि तो ‘हो’ म्हणाल्यावरच गाडी सुरू करावी.